आमच्याकडे अपूर्णांक राहत नाहीत

१ मार्च, शनिवार

आले बाई एकदाची! बस इथे आठवड्यातून एकदाच येते, शनिवारी दुपारी. उतरणारी मी एकटीच. दोन बॅगा, एक छत्री आणि पर्समध्ये नेमणुकीचं पत्र. गाव बघून मन एकदम प्रसन्न झालं. रस्ते झाडून लख्ख, घरं सगळी दुमजली, प्रत्येक खिडकीत कुंडी. बेकरीवाल्याने न विचारता बॅग उचलून खोलीपर्यंत आणून दिली आणि वाटेत मला दोनदा 'ताई' म्हणाला. असं गाव मिळायला नशीब लागतं.

खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून चौक दिसतो. घरमालकीण खाली राहते, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. तिच्याकडून दुसरी खाट मागून घेतली, कारण पंधरा दिवसांत आई येणार. आमच्या घरात आम्ही दोघीच. बाबा गेल्यापासून ती माझी आणि मी तिची.

आणि खरी गंमत म्हणजे चौकातला फळा! दुसऱ्या गावांत चौकात सिनेमाची पोस्टरं असतात, इथे काय लिहिलंय तर लोकसंख्येतले वयोगट. चौदा वर्षांपर्यंतचे पंचवीस टक्के. पंधरा ते एकोणसाठ, साठ टक्के. साठ आणि पुढचे, पंधरा टक्के. एवढंच. हे टक्के काढायचीच माझी नोकरी. माझं काम भर चौकात रंगवून लावलेलं! मी तर फळ्यासमोर उभी राहून एकटीच हसले.

३ मार्च, सोमवार

कचेरीत आम्ही तिघंच. मोठे साहेब काडीसारखे बारीक, बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघतात. टायपिस्टबाई केसांना मेंदीपेक्षाही लाल काहीतरी लावतात. पहिल्याच भेटीत, मी विचारलेलं नसताना, त्यांनी सांगून टाकलं की त्यांना एकोणसाठावं चालू आहे. हाताच्या शिरा बघता मला काही ते पटलं नाही, पण आपल्याला काय करायचंय. माझी आई पण सगळ्यांना दोन वर्षं कमी सांगते. एकसष्टची आहे, पण दुकानदार, डॉक्टर, शेजारीण, कोणीही विचारो, एकोणसाठ! दोघींची गट्टी जमणार बहुतेक.

काम सोपं आहे. दर घराचं एक पत्रक असतं, त्यात माणसं आणि त्यांची वयं. शुक्रवारी संध्याकाळी सगळी पत्रकं बघायची, तीन गटांत माणसं मोजायची, प्रत्येक गटाला एकूण आकड्याने भागायचं, शंभराने गुणायचं. गावात आठशे माणसं, आधीच्या कारकुनाच्या जागी मला धरून. मुलं दोनशे, मधली चारशे ऐंशी, म्हातारी एकशेवीस. म्हणजे पंचवीस, साठ आणि पंधरा. बरोब्बर!

दहा वर्षं या कामात आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. खऱ्या माणसांचे टक्के कधी असे गुळगुळीत येतच नाहीत. चोवीस पॉइंट सात येतील, एकसष्ट पॉइंट तीन येतील, बेरीज नव्याण्णव पॉइंट नऊ येईल आणि आपण डोकं धरून बसू. मी साहेबांना हसत हसत म्हटलं तसं. साहेब माझ्या खांद्याला म्हणाले, की आमच्याकडे अपूर्णांक राहत नाहीत. बोलायची काय ऐट!

८ मार्च, शनिवार

काल पहिली मोजणी केली. आज सकाळी पेंटर शिडी घेऊन आला आणि फळ्यावर आकडे रंगवून गेला. तेच आकडे, त्याच जागी, जुन्याच रंगावर. जवळ जाऊन बघितलं तर रंगाचा थर बोटभर जाड झालाय. पुसत का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, बदलतच नाहीत तर पुसू कशाला. आता याच्याशी कोण वाद घालणार!

दुपारच्या बसने बेकरीवाल्याचे काका आले. जन्मभर जहाजावर होते, आता कायमचे घरी परतले. वय चौसष्ट, मिशा पांढऱ्या, आणि तोंडाने सारखी शिट्टी. अख्खं गाणं शिट्टीवर वाजवतात, मध्येच थांबून गिऱ्हाइकाची फिरकी घेतात. मला म्हणाले, टक्केवाल्या ताई, मी तुमच्या कोणत्या खान्यात? म्हटलं, शेवटच्या. तर म्हणाले, मग तिथे जरा सरकून बसायला सांगा सगळ्यांना. बेकरीवाला आनंदाने नुसता उडत होता, सगळ्यांना फुकट पाव वाटत होता. मीही दोन आणले.

१४ मार्च, शुक्रवार

आज मोजणीत आठशे एक आले. म्हटलं, चला, शेवटी खऱ्या आयुष्याने तोंड दाखवलं! काकांचं नाव त्यांच्या घराच्या पत्रकात सगळ्यांत खाली मीच माझ्या हाताने लिहिलं. म्हातारे झाले एकशेएकवीस. एकशेएकवीस भागिले आठशे एक, गुणिले शंभर. पंधरा पॉइंट एक. दशांशाच्या पहिल्या घरात छान टुमदार एक! तसंच लिहून दिलं.

साहेबांनी कागद बघितला आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. फळ्यावर पॉइंटला जागा नाही, म्हणाले. मी म्हटलं, जागा नसेल तर करावी लागेल, मी खोटं लिहिणार नाही. आवाज जरा चढलाच माझा. ते म्हणाले, लिहा हो, तुम्ही खरंच लिहा, फळा आपोआप बरोबर होतो. टायपिस्टबाईंची टकटक मध्येच थांबली होती. घरी येताना उगाच स्वतःवर खूश होते.

१५ मार्च, शनिवार

आई आली! फळ्यावर सकाळी पुन्हा पंधराच रंगवलं होतं, त्या रागातच स्टँडवर गेले होते, पण आईला बघितलं आणि राग कुठच्या कुठे पळाला. उतरता उतरताच तिची तक्रार सुरू. बसमध्ये ती कायम बाजूची सीट माझ्यासाठी धरून ठेवते. मी सोबत असो की नसो, सवयच आहे. या वेळीही अख्ख्या वाटेत पिशवी ठेवून सीट अडवली, आणि कोणी बसायला आलं की सांगायची, माझी मुलगी येतेय. शेवटी कंडक्टरशी भांडण झालं. म्हटलं, अगं आई, मी इथे होते ना! तर म्हणते, मग काय झालं, सीट काय तुझी नाही का?

गुडघे फार दुखतात तिचे. जिना चढताना तीन ठिकाणी थांबली. खोली आवडली. घरमालकिणीने वय विचारलं तेव्हा ताठ मानेने एकोणसाठ सांगितलं. मी तोंड फिरवून हसले.

१६ मार्च, रविवार

पाव आणायला गेले होते. काकांची शिट्टी ऐकू आली नाही म्हणून बेकरीवाल्याला विचारलं, काका कुठे आहेत. तो म्हणाला, कोण काका? वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, अहो, जहाजावरचे तुमचे काका, मागच्या शनिवारी आले नाहीत का, तुम्ही पाव वाटलेत! तो तोंडाकडे बघतच राहिला. म्हणाला, ताई, माझ्या बापाला भाऊच नव्हता. त्याची बायकोही तेच म्हणाली. दोघांचे चेहरे अगदी सरळ होते, कसली लपवाछपवी नाही. उलट मलाच बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणून दिलं.

घरी येऊन आईला काही सांगितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

काका दिसले.

बेकरीच्या कोपऱ्यात पिठाच्या पोत्यांना टेकून उभे होते. मी दारातूनच हाक मारली. त्यांनी चमकून वर बघितलं. ते जे बघणं होतं ना, बुडणाऱ्या माणसाला कोणी दिसावं तसं. तोंड मोठं उघडून बोलत होते आणि मला जेमतेम कुजबुज ऐकू येत होती. म्हणाले, तुम्हीच एकट्या बघता हो. हे घास देईनात. पुतण्या अंगावरून चालत जातो. तेवढ्यात बेकरीवाला ट्रे घेऊन आला आणि खरोखरच त्यांच्या अंगातून पलीकडे गेला. काकांनी हात पुढे केला होता, तसाच राहिला. पाव तिथेच टाकून मी पळाले.

मलाच का दिसतात? मी लिहिलं होतं त्यांना, म्हणून? माझ्याच अक्षरात त्यांचं नाव शेवटचं लिहिलं गेलं, म्हणून?

१८ मार्च, मंगळवार

साहेब जेवायला गेल्यावर टायपिस्टबाईंना कोपऱ्यात गाठलं. आधी उडवाउडवी केली. मग मी म्हटलं, माझी आई शनिवारी आलीये, एकसष्टची आहे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. दार लावून घेतलं आणि भरभर सांगितलं. इथे माणसांवरून टक्के काढत नाहीत म्हणाल्या, टक्के आधी असतात. ज्या गटाचा आकडा फळ्याबाहेर डोकावतो, त्या गटात सगळ्यांत शेवटी लिहिलेलं माणूस मोजणीनंतर उरत नाही. मरत नाही. नुसतं कोणाच्या हिशेबात राहत नाही. आणि पत्रकात लिहिलंच नाही, तर ते माणूस आधीच गेलेलं.

मी म्हटलं, मग तुम्ही? त्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, अकरा वर्षं झाली मला एकोणसाठावं लागून. माझं पत्रक मीच टाइप करते.

आज पुन्हा बेकरीसमोरून गेले. काका दिसले नाहीत. पोत्यांच्या मागून शिट्टी येत होती, अगदी बारीक, आणि बेकरीवाला निवांत पीठ मळत होता.

त्यांना मी घालवलं. ऐटीत लिहिलेल्या त्या एका पॉइंटने घालवलं.

१९ मार्च, बुधवार

बस शनिवारी. मोजणी शुक्रवारी. मध्ये काहीच नाही.

गावात गाडी एकट्या डॉक्टरांकडे. हातापाया पडले. ते म्हणाले, मोजणीच्या आठवड्यात गाव सोडता येत नाही. म्हटलं, मोजणी तर दर आठवड्याला असते! ते म्हणाले, हो ना. आणि दार लावून घेतलं.

आईला चालत नेऊ? जिना उतरताना तिचे डोळे पाण्याने भरतात. मैलोन् मैल नुसता मोकळा रस्ता, ना घर ना झाड. ती आत्ता खिडकीत बसून माझ्या फाटक्या कुडत्याला टाके घालतेय आणि विचारतेय, चेहरा का असा उतरलाय तुझा? तुला कोणी काही बोललं का? सांग मला, मी बघते त्याच्याकडे.

आई, तुला कसं सांगू.

२० मार्च, गुरुवार

सापडलं! देवा, सापडलं!

टायपिस्टबाई करतात तेच करायचं. आईला एकसष्ट लिहिलं तर म्हातारे होतात एकशेएकवीस, पंधरा पॉइंट एक, आणि तो एक डोकावतो. काकांचं तेच झालं. पण आईला एकोणसाठ लिहिलं तर? मग ती मोठ्या गटात जाते. चारशे एक्क्याऐंशी भागिले आठशे एक. साठ पॉइंट शून्य! मुलं पंचवीस पॉइंट शून्य, म्हातारे पंधरा पॉइंट शून्य, बेरीज शंभर. दहा वेळा करून बघितलं. मोठ्या गटात एक माणूस सहज मावतं, कोणाच्या डोळ्यावर येत नाही. आमच्या धंद्यातली ही रोजची गोष्ट, पहिल्या घरानंतर जे उरतं ते सोडून द्यायचं.

आईला विचारलं, कोणी वय विचारलं तर काय सांगशील? ती म्हणाली, एकोणसाठ, का गं? मी तिच्या गळ्यात पडून इतकी हसले की घरमालकीण वर बघायला आली. जन्मभर त्या दोन वर्षांवरून मी हिला चिडवलं आणि तीच दोन वर्षं आज कामी येतायत.

२१ मार्च, शुक्रवार

दिलं. आमच्या घराचं पत्रक नव्याने केलं. वर आई, खाली मी. घरात वडीलधारं माणूस आधी लिहायचं, हात आपोआप तसाच गेला. साहेबांनी आकडे बघितले. साठ, पंचवीस, पंधरा. माझ्या खांद्याकडेसुद्धा बघितलं नाही, मान खाली घालून कागद ठेवून दिला.

टायपिस्टबाई निघताना माझा हात धरून उभ्या राहिल्या. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. साहेब बाहेर आले आणि त्या गेल्या.

उद्या दुपारची बस. दोघींच्या बॅगा भरल्या. नोकरी गेली चुलीत.

२२ मार्च, शनिवार, सकाळ

आई आहे! उठल्या उठल्या तिच्या खाटेकडे बघितलं, नाहीच धाडस होत होतं, पण ती बसून केस विंचरत होती. खाली गेली तर घरमालकीण तिच्याशी बोलली. बेकरीवाल्याने तिला गरम पाव दिला आणि गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. सगळ्यांना दिसते! सगळ्यांना ऐकू येते! माझा जीव भांड्यात पडला. जिन्यातच बसून रडले.

फळ्यावर तेच आकडे. रंगवू दे हवे तितके.

फक्त एक, आईने चहा एकच कप केला. विसरली असेल. मी म्हटलं, अगं आई, माझा? तिने वर बघितलं नाही.

२२ मार्च, थोड्या वेळाने

घरमालकीण माझी खाट नेतेय. आई तिला म्हणाली, न्या, मला एकटीला कशाला दोन.

हाक मारली. ओरडले. तिचा पदर धरला, तो हातातून निसटला, पाण्यासारखा—

चारशे एक्क्याऐंशी भागिले आठशे एक. साठ पॉइंट शून्य नाही. साठ पॉइंट शून्य पाच. पुढचं घर मीच सोडून दिलं. काय मोठंसं उरतं म्हणून. फळा नाही सोडत. आणि गटात सगळ्यांत शेवटी लिहिलेलं नाव—

वर आई. खाली मी.

माझ्याच हाताने.

२२ मार्च, बस

चढले. कोणी अडवलं नाही. कंडक्टरने आईचं एकच तिकीट फाडलं. आईच्या शेजारच्या सीटवर पिशवी होती, त्याच सीटवर पिशवीला चिकटून बसले आहे. गावाबाहेर पडलं की सुटेल. सुटायलाच हवं. दुसऱ्या गावात दुसरी मोजणी असते, मी स्वतः जाऊन नाव लिहीन, कोणाच्याही खाली लिहीन—

फळा मागे गेला. बेकरी गेली. शिट्टी ऐकू आली, आधीपेक्षा मोठी. मला त्यांचं आता नीट ऐकू येतंय. हे चांगलं नाही.

मागच्या बाकावरच्या बाईने आईला विचारलं, इथे कोणाकडे आला होतात? आईने पिशवीचे बंद सरळ केले. म्हणाली, खरंच हो, कशाला आले होते काय माहीत. बाई म्हणाली, मुलंबाळं? आई म्हणाली, नाही हो. नवरा गेल्यापासून एकटीच आहे.

आई.

आई, तुझ्या पिशवीत माझा कुडता आहे, तू टाके घातलेला. तो बघ. कोणाचा आहे विचार स्वतःला. वही तिच्या मांडीवर सरकवतेय, सरकत नाही—

गाव संपलं. काहीच सुटलं नाही.

फाट्यावर बस थांबलीये. माणसं चढतायत. खूप गर्दी. जागा उरली नाही.

तिचा हात पिशवीवर आहे. धरून ठेवलीये अजून. सवयीने. आई, धरून ठेव, जन्मभर ठेवलीस, नाही देत म्हण, माझी मुलगी येतेय म्हण—

एक जाडा माणूस विचारतोय, इथे कोणी आहे का.

आई बघतेय. माझ्याकडेच बघतेय. सरळ माझ्या तोंडाकडे—

पिशवी उचलली तिने. म्हणाली, बसा की, इथे कोणी नाही.

तो वळलाय, बसतोय, आई गं, सांग ना त्याला, मी आहे इथे, मी